दोष कोणाचा?

आमच्या दरेकसा गांवाजवळ हावडा–मुंबई लोहमार्ग डोंगराच्या पोटांतून बोगद्यानें जातो. गाडी वेळेवर न आली तर जाणता मनुष्य प्रथम आपल्याच स्थानकाचा सिग्नल पाहतो, मग बोगद्याकडे नजर टाकतो. एकदम डोंगरगडास दोष देत नाहीं. हा साधा नियम मी चाळिशी उलटल्यावर, एका संगणकासमोर बसून, नव्यानें शिकलों.

शाळेंतील एका संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा रचिला व पुढें तो सर्वांस मुक्तपणें वापरावयास दिला. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली, तों या यंत्राचा इंटरनेटशीं संबंध तुटलेला! शेजारचीं यंत्रें मात्र सुरळीत चाललीं होतीं. सुटीपूर्वीं त्यावर शेवटीं बसलेला विद्यार्थी कचारगडच्या बाजूच्या एका टोल्यावरून पायीं येणारा, मोठा चौकस मुलगा. "तूंच कांहींतरी खटपट केलीस," असें मीं त्यास वर्गासमक्ष म्हटलें व आठ दिवस संगणकास हात लावूं दिला नाहीं. तो मान खालीं घालून एवढेंच म्हणाला, "सर, मीं नाहीं केलें."

नवव्या दिवशीं सायंकाळीं मी स्वतः शोधास बसलों. जवळून दूर जावयाचें, असा क्रम ठरविला. तारेच्या खोबणीजवळचा दिवा लुकलुकत होता. म्हणजे तार शाबूत. 'आयपी ॲड्रेस' ही आज्ञा देतांच यंत्राचा पत्ता १९२.१६८.०.२० असा आला. 'आयपी रूट' या आज्ञेनें बाहेर जाण्याचा दरवाजा, म्हणजे राउटर, १९२.१६८.०.१ येथें असल्याचें सांगितलें. त्यास 'पिंग' करून हांक मारली, उत्तर नाहीं. शेजारच्या यंत्रास तोच प्रश्न विचारला, तों त्याचा दरवाजा १९२.१६८.१.१! सुटींत जुना राउटर बिघडल्यानें नवा बसविला होता. इतर यंत्रें आपला पत्ता त्याच्याकडून आपोआप घेतात. हें एकच यंत्र जुन्या घराचें दार ठोठावीत बसलें होतें.

पण यास कायमचा पत्ता दिला कोणीं? जोडणीची फाइल उघडली. तींत टिपणाची खूण केलेली ओळ यंत्र वाचीत नाहीं. ती माणसासाठीं असते. तेथें लिहिलें होतें: "प्रिंटर सर्वांस सांपडावा म्हणून पत्ता कायम केला." पुढें जून महिन्यांतील तारीख आणि माझ्याच नांवाचीं आद्याक्षरें!

मीं पत्ता व दरवाजा बदलून जोडणी पुन्हा सुरू केली. राउटरनें उत्तर दिलें, बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्यानेंहि दिलें. परंतु संकेतस्थळाचें नांव लिहितांच यंत्र अडलें. नांवावरून अंक सांगण्याचें काम डीएनएस करतो. तें काम अजून जुन्याच राउटरकडे सोंपविलेलें होतें. तेंहि बदललें, आणि पान उघडलें. यंत्र दुरुस्त झालें. मी मात्र बराच वेळ जागचा उठलों नाहीं.

ज्या वर्गासमक्ष दोष दिला होता, त्याच वर्गासमक्ष दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलाची क्षमा मागितली. तो क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, "सर, शोध कसा केला, तें दाखवाल?" त्या दिवशीं तासभर तो खुर्चीवर बसला व मी शेजारीं उभा राहिलों.

विद्यार्थिमित्रहो, मीं जवळून आरंभ केला खरा, पण सर्वांत जवळचा जो मी, त्यास मात्र शेवटीं विचारलें. तुम्हीं हा क्रम सुधारून घ्यावा, एवढीच विनंती.