धोंडा हलला, पुढे काय?

गोंडांचा धर्मगुरू कोण, असं विचारलं की मराठी वाचकाला फार तर एक नाव आठवतं, ते पहांदी पारी कुपार लिंगोचं. गोंडी मौखिक परंपरेचा अभ्यास करताना मला त्या नावाशेजारी सतत दुसरं नाव ऐकू आलं: जंगो रायताड. छापील पानावर मात्र ते फार क्वचित भेटतं.

गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या दरेकसाजवळ कचारगडाचा डोंगर आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास शेजारच्या राज्यांतूनही कोया पुनेम हा गोंडी धर्म मानणारी माणसं इथे येतात. पायथ्याच्या धनेगावातून सप्तरंगी झेंडे घेऊन, 'जय सेवा' म्हणत रांगा जंगलातून वर चढतात. वर अवाढव्य गुहा आहे. कली कंकालीची तेहतीस लेकरं शंभूशेकनं तिथे कोंडली आणि तोंडावर धोंडा लावला, अशी कथा. लिंगो, जंगो आणि किंगरी वाजवणारा हिरासुका पाटालीर यांनी ती सोडवली. धोंडा सरकवताना हिरासुका त्याखाली चिरडून मेला. कथेतला हा प्रसंग थरारक आहे, म्हणून सांगणारे त्याच्यावरच रेंगाळतात.

यात्रेत तीन दगडांच्या चुलीवर भात रांधणाऱ्या एका आजीला मी हीच कथा सांगायला लावली. धोंडा हलला तिथे मी वही मिटायला लागले, तर म्हातारी चिडलीच. "धोंडा तं हिरासुकानं हालवला. पन भुकेली पोरं मंग कोनं सांभाळली, ते इचार ना माय!" आणि भात ढवळता ढवळता तिनं जंगो सांगायला घेतली. घर नसलेल्या, टाकून दिलेल्या लेकरांना आसरा देणारी, त्यांना न्हाऊमाखू घालणारी, माणसांत आणणारी.

छापील कथा वेगळ्या वाटेनं आली. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या कथा गाणाऱ्या एका परधानाच्या तोंडून लिंगोचं गीत उतरवून घेतलं. 1863 मध्ये हिस्लॉप वारले. त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली. त्यात गोंडांना कोंडणारा महादेव आहे आणि सोडवणारा लिंगो. जंगोचं नाव देवतांच्या नावांत येऊन जातं, एवढंच. गाणारा पुरुष, लिहून घेणारा पुरुष, छापणारा पुरुष. चुलीपाशी सांगितली जाणारी बाजू त्यांच्या कानावर येणार कुठून? गीतातला काचीकोपा लोहागड म्हणजे कचारगड, असं मांडणारे मोतीरावण कंगाली यांनी मात्र जंगोला लिंगोच्या बरोबरीनं जागा दिली. तेव्हा केवळ पुरुषांनी लिहिलं म्हणून असं झालं, हेही पूर्ण खरं नाही.

माझ्या मते जंगोचं मोठेपण मायेपुरतं नाही. सुटलेल्या लेकरांना लिंगोनं पुढे दीक्षा दिली आणि सगा-गोत्रांची व्यवस्था लावली. आजही गोंडांत सोयरीक ठरवताना कोण किती देवांचं, म्हणजे कुणाच्या सगाचे देव किती, हे पाहिलं जातं. समान देवसंख्येच्या घरांत लग्न होत नाही, ती भावकी. एवढ्या काटेकोर कुळव्यवस्थेचा आरंभ कुठे, तर कुणीच आपलं न मानलेल्या पोरांपाशी. आधी आसरा, मग कूळ. हा क्रम हाच एक विचार आहे आणि तो जंगोचा आहे. आपण महदाइसेला आद्य कवयित्री मानतो, कारण तिचे धवळे उरले. जंगोच्या नावावर ग्रंथ नाही, म्हणून तिला देवी करून हळद-कुंकू वाहिलं की आपण मोकळे!

गोंडी-मराठी कवयित्री उषाकिरण आत्राम गोंडवनातल्या स्त्रियांबद्दल लिहीत आल्या आहेत, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. असं लिहिणाऱ्या आणखी हव्यात.

चंद्रपूरच्या जिवती तालुक्यालगत, तेलंगणाच्या हद्दीवर, जंगूबाईची गुहा आहे. तिथे पौषात यात्रा भरते. कचारगडाची जंगो आणि ही जंगूबाई एकच की दोन, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. मी एकच मानते. मी ऐकलेल्या कथांत ती दोन्हीकडे अमक्याची बायको म्हणून ओळखली जात नाही. तिची ओळख तिनं सांभाळलेल्यांवरून होते.