मरळीसोबत कोण राहील?

मृग जवळ आला की एकच प्रश्न चौघांकडून येतो : "शेततळ्यात कटला-रोहू तर सोडतोच आहे, त्यात थोडी मरळ टाकली तं चालंल का?" प्रश्न बाजारभावातून येतो. कटल्यापेक्षा मरळीला दुप्पट-तिप्पट पैसे मिळतात, बर्फाशिवाय जिवंत विकली जाते, काटा कमी. सोयाबीननं हात दिला नाही त्या वर्षी तर हा प्रश्न लयच येतो.

चालते. पण मरळ कोणासोबत भांडते, यापेक्षा तिच्या तोंडात कोण मावतं हे आधी बघा. मरळ चावून लचके तोडत नाही, ती अख्खा मासा गिळते. म्हणून दोन इंची बोटुकली आणि पावशेर मरळ एका तळ्यात म्हणजे ढेप आपण विकत आणायची आणि कटला तिनं खायचा. मी हिशोब साधा ठेवतो : सोबतचा मासा मरळीच्या निम्म्या लांबीपेक्षा कायम मोठा पाहिजे. अंगानं उंच, पसरट असला तर अजून बरं. कटला याच कारणानं टिकतो, तो लवकर उंच होतो. मृगळ लांबट, सडपातळ, त्यात तळाशी फिरणारा. मरळही तळाशी, काठाशी दबा धरून बसते. म्हणून मी मृगळ कमी ठेवतो.

माझं तळं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, प्लास्टिक अंथरलेलं. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली तेव्हापासून या मापाची तळी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ झाली. काठोकाठ भरलं तर साधारण २२ लाख लिटर पाणी, वरून पसारा नऊ गुंठ्यांच्या आसपास. यात मी ५०० च्या वर कार्प सोडत नाही आणि मरळ ५० ते ६०. क्रम महत्त्वाचा. कार्प जुलै-ऑगस्टमध्ये, तीही हाताएवढी मोठी बोटुकली. मरळ त्यानंतर दोन महिन्यांनी, तीन-चार इंची. तोवर कार्प पुढे निघून गेलेली असते आणि मग मरळीला तिचा पाठलाग परवडत नाही. ती बेडकाची पिल्लं, किडे आणि पाण्यासोबत आलेली बारीक मासळी खाते. उलट क्रमानं सोडलं तर शिवारातल्या एका तळ्याचं काय झालं ते बऱ्याच जणांनी पाहिलं आहे : जाळं ओढलं तेव्हा मरळी गलेलठ्ठ आणि रोहू हाताच्या बोटावर मोजण्याइतके.

माणसं भांडणाचा विचार बीज सोडताना करतात, पण खरं भांडण मे महिन्यात लागतं. आपलं तळं आधी बागेचं, मग माशाचं. उन्हाळ्यात ठिबक चालू ठेवायला पाणी उपसतो आणि तीन मीटरचं पाणी एका मीटरवर येतं. मासे तेवढेच, जागा निम्म्याहून कमी. पहाटे पाण्यातला प्राणवायू उतरतो. कटला-रोहू तोंड वर काढून धापा टाकतात. मरळीला त्याचं काहीच नसतं, तिच्या डोक्यात हवा घेण्याची वेगळी सोय असते, वर आली, घोट घेतला, खाली गेली. म्हणजे एक पैलवान ताजातवाना आणि बाकी आखाडा अर्धमेला. कार्प मोठी असेल तर गिळत नाही, पण धडका मारते, पंख फाडते, आणि फाटलेल्या जागी बुरशी लागते. म्हणून पाणी दीड मीटरच्या खाली जाणार असं दिसलं की मी कार्प विकून टाकतो. मरळ मागं राहिली तरी चालते.

खामगावला एका दुकानात काचेच्या पेटीत फ्लॉवरहॉर्न नावाचा कपाळावर टेंगूळ असलेला मासा पाहिला. एकटाच ठेवलेला. दुकानदार म्हणाला, याच्या पेटीत दुसरा टिकत नाही. बाजूच्या पेटीत ऑस्कर होते, सगळे एका मापाचे. नवा मासा टाकताना तो आधी पेटीतले दगड हलवतो म्हणे, म्हणजे जुन्याची 'माझी जागा' मोडते आणि सगळेच नवखे होतात. मला हे पटलं. आपल्याकडे ते काम पावसाळा करतो. तळं नव्यानं भरलं की कोणाचाच कोपरा ठरलेला नसतो. बीज सोडायला तेच दिवस बरे.

प्लास्टिकच्या तळ्यात अजून एक अडचण, लपायला जागाच नाही. मातीच्या तळ्यात गवत असतं, कपारी असतात. इथं सगळं गुळगुळीत. मी सिमेंट पाइपाचे तुकडे कडा घासून, खाली जुनी पोती टाकून ठेवले आहेत. बाभळीच्या फांद्या टाकू नका बाप्पा, काटा प्लास्टिकमधून आरपार जातो. आणि काठाला जाळी पाहिजेच. पावसाच्या रात्री मरळ सरपटत बाहेर पडते.

बाकीच्यांचं थोडक्यात. रूपचंद शिकार फारसा करत नाही, पण दात मजबूत, उपाशी राहिला तर दुसऱ्याचे पंख कुरतडतो, आणि आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीला हळवा. तिलापिया पोरं इतकी घालतो की तळं भरून जातं, मरळ ती पोरं खाते आणि उरलेला तिलापिया मोठा होतो. जोडी म्हणून उत्तम, पण तिलापियाला सरकारी परवानगी लागते, ती नसेल तर विषय सोडा. सायप्रिनसचंही तसंच थोडं, त्याची पिल्लं मरळीचा चारा होतात. मात्र मातीच्या तळ्यात तो बांध उकरतो.

आता मांगूर. माझा भाचा चिखली तालुक्यात आहे. त्याला कोणीतरी स्वस्तात बीज देऊ केलं. मला म्हणे, "मामा, मांगूर कशातही जगतो अन् मरळीलाही भीत नाही, दोघं बरोबरीचे."

"म्हणूनच नको," मी म्हटलं.

देशी मांगूर वेगळा, तो सहसा अर्ध्या किलोच्या आत राहतो. स्वस्तात मिळतो तो बहुतेक आफ्रिकी, ज्याला थाई मांगूर म्हणतात, कित्येक किलोचा होतो आणि समोर येईल ते खातो. त्याच्यावर देशात बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आला आणि त्यानंतर महाराष्ट्रातही त्याचे साठे नष्ट केले गेले. कायदा बाजूला ठेवला तरी आपला जिल्हा बघा. माझ्या मोताळ्याचं पाणी नळगंगेतून पूर्णेला आणि पुढं तापीला जातं. भाच्याच्या शेताजवळचा नाला पैनगंगेला मिळतो, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी. एकाच जिल्ह्यातून पाणी दोन समुद्रांना जातं. एका अतिवृष्टीत सांडव्यावरून दहा मांगूर निघाले तर खाली भोई मंडळींच्या जाळ्यात पुढं काय येईल, ते आपल्या हातात राहत नाही. मरळ निसटली तर ती इथलीच आहे, नदीला तिची ओळख आहे.

भाचा दोन दिवस फुगून होता. मग फोन आला, मरळच घेतो म्हणे, ५० नग. मी त्याला म्हटलं, खाद्यावर वळवलेलं बीज माग, नाही तर तरंगतं खाद्य तोंडात धरत नाही. आणि घेताना लहान-मोठं तिथंच वेगळं करून मोज. दोन इंची आणि चार इंची एका टबात रात्रभर ठेवली तर सकाळी ५० चे ४० होतात, आणि टबात मेलेला एकही सापडत नाही.