घोडागाडीच्या मुलखात

फिलाडेल्फिया मागे टाकून मोटार पश्चिमेकडे निघाली, की पहिला तासभर अमेरिका आपल्याला ठाऊक असते तशीच दिसते. रुंद रस्ते, पेट्रोलचे पंप, जाहिरातींच्या पाट्या. मग लँकॅस्टर परगणा लागतो आणि मोटार एकाएकी रेंगाळू लागते. काय झाले म्हणून मान उंचावून पाहावे, तो पुढे करड्या रंगाची एक चौकोनी घोडागाडी टापांचा ताल धरून चाललेली, आणि तिच्यामागे दहापंधरा मोटारी निमूट सरकत असलेल्या. माझा भाचा बरीच वर्षे फिलाडेल्फियात असतो. तो म्हणाला, "मामा, इथे घाई करून उपयोग नाही. घोड्याला घड्याळ कळत नाही."

इथल्या गावांची नावेही गमतीची. एक पॅराडाइझ, म्हणजे साक्षात नंदनवन. दुसरे बर्ड-इन-हँड. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, असे आपण म्हणतो ना, त्याच मतलबाच्या इंग्रजी म्हणीतला हा हातातला पक्षी. जुन्या खाणावळीच्या पाटीवरून तो गावाला चिकटला. अमिश लोकांच्या मुलखाला याहून शोभणारे नाव शोधून सापडले नसते.

हे लोक मूळचे स्वित्झर्लंडचे आणि ऱ्हाइनकाठचे. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला देऊ नये, जाणत्या माणसाने तो आपण होऊन घ्यावा, असे म्हणणारा पंथ १५२५ साली झूरिकमध्ये निघाला. या अपराधासाठी कित्येकांना पाण्यात बुडवून आणि जाळून मारण्यात आले. पुढे १६९३ साली याकोब अम्मान नावाच्या धर्मोपदेशकाने, शिस्त अधिक कडक हवी म्हणून, वेगळी चूल मांडली. त्याच्या नावावरून हे अमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. युरोपातल्या त्यांच्या जुन्या वस्त्या इतर पंथांत विरून गेल्या. उत्तर अमेरिकेत मात्र आज त्यांची संख्या साडेतीन लाखांच्या वर आहे आणि साधारण वीस वर्षांत ती दुप्पट होते. घरटी सहासात मुले हे त्याचे एक कारण. पण मुले नुसती होऊन भागत नाही, ती राहावी लागतात. आणि दहांतली आठांहून अधिक मुले मोठेपणी पंथातच राहतात. पलीकडच्या रस्त्यावर सारी अमेरिका दिव्यांनी झगमगत असताना!

पुरुषाची दाढी लग्नानंतर वाढते, मिशी मात्र कधीच नाही. मिशी म्हणजे शिपाईगडी, आणि ही माणसे शस्त्राला हात लावीत नाहीत. बायकांच्या पोशाखाला गुंड्यांऐवजी टाचण्या. फोटोसाठी उभे राहायला त्यांची ना असते. येणाऱ्या पाहुण्यांपैकी निम्म्यांना हे एवढे पथ्यही पाळवत नाही.

यांच्या घरात वीज नाही, एवढे आपण ऐकलेले असते. पण जवळ जाऊन पाहावे तर गोठ्याशेजारी डिझेलचे इंजिन धडधडत असते आणि त्यावर दूध गार ठेवणारी टाकी चालते. सुतारशाळेतली यंत्रे दाबलेल्या हवेवर फिरतात. स्वयंपाकघरातला फ्रिज गॅसवरचा. मग हे सोवळे तरी कसले, असा प्रश्न मलाही पडला. बाजारात लाकडी खुर्च्या विकणाऱ्या एका वयस्क गृहस्थांना मी तो विचारला. ते हसले आणि म्हणाले, "वीज वाईट नाही हो. तार वाईट. ती आत आली की तिच्यामागून काय काय येईल ते आमच्या हातात राहत नाही."

याच न्यायाने मोटारीत बसायला हरकत नाही, ती मालकीची नको. मोटार आली की मुलगा पन्नास मैलांवर राहायला जातो. घोडा त्याला हाकेच्या अंतरावर ठेवतो. टेलिफोनही आहे, पण शेताच्या कडेला, खोपटात, दोनचार घरांत मिळून. जेवणाच्या टेबलाशी त्याची घंटा वाजता कामा नये. या रीतिभातींना ते ऑर्डनुंग म्हणतात. त्या बहुधा तोंडीच चालत आलेल्या असतात, आणि वर्षातून दोनदा मंडळी एकत्र बसून त्यांवर एकमत करते. आपण वस्तू आधी घरात आणतो आणि मग तिच्याशी कसे वागावे याचा विचार करतो. इथे तिला उंबऱ्याबाहेर उभी करून विचारतात: तू आलीस तर शेजाऱ्याचे आणि माझे काय होईल?

देऊळ असे त्यांना नाहीच. एका आड एक रविवारी पाळीपाळीने कुणाच्या तरी घरी प्रार्थना होते, आणि बसायचे बाक एका गाडीतून त्या घरी जातात. भजनांचे पुस्तक सोळाव्या शतकातले. त्यातली कितीतरी पदे तुरुंगात खितपत पडलेल्या त्यांच्या पूर्वजांची. स्वरलिपी नाही, चाल कानोकान आलेली. दुसरे पद दर वेळी ठरलेले, आणि त्याची चार कडवी म्हणायला वीसेक मिनिटे लागतात. आपल्या विलंबित ख्यालात मुरलेल्या माणसाला त्याचे कौतुक वाटेल, इतरांनी धीर धरावा. लग्ने सुगीनंतर, मंगळवारी किंवा गुरुवारी. लग्नाच्या जेवणाला सेलरीची भाजी भरपूर लागते, म्हणून एखाद्या परसात ती जास्त दिसली की आयाबाया ओळखतात, या घरी मुलगी उजवायची आहे.

शाळा एका खोलीची आणि आठवीपर्यंतच. पुढे मुले शेतावर किंवा कारखान्यात काम शिकतात. (जमिनीच्या किमती भडकल्यामुळे आता शेतापेक्षा सुतारकामात आणि दुकानांतच अधिक हात गुंतलेले आहेत.) सक्तीच्या शिक्षणावरून बापांना तुरुंग भोगावा लागला, अखेर १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. एका न्यायमूर्तींनी मात्र विचारले, या मुलांना काय हवे ते कुणी विचारले का? मला तो प्रश्न अजून अनुत्तरित वाटतो. चौदाव्या वर्षी पुस्तक मिटलेली मुलगी विसाव्या वर्षी जी निवड करते, ती कितपत निवड म्हणावी?

अशाच एका शाळेत, निकेल माइन्स येथे, २ ऑक्टोबर २००६ रोजी एक शेजारी बंदूक घेऊन शिरला. दहा मुलींवर त्याने गोळ्या झाडल्या आणि स्वतःलाही मारून घेतले. पाच मुली गेल्या. त्यानंतर काही तासांतच अमिश मंडळी त्या माणसाच्या घरच्यांच्या सांत्वनाला गेली. त्याच्या दफनालाही ती हजर होती. जगभरातून मदतीचा जो पैसा आला, त्यातला काही त्याच्या विधवेलाही दिला गेला. दहा दिवसांनी शाळा पाडली, नवी जवळच बांधली. जुन्या जागी आता कुरण आहे.

आणि हीच माणसे, बाप्तिस्म्याची शपथ घेऊन नंतर पंथ सोडणाऱ्या पोटच्या पोराला वाळीत टाकतात. त्याच्या हातून पैसा घ्यायचा नाही, त्याच्या मोटारीत बसायचे नाही, त्याच्याबरोबर पंगतीला बसायचे नाही. शपथच न घेता गेला तर गोष्ट वेगळी. आणि परत येऊन चूक कबूल केली तर दार उघडे. त्यांच्या मते हे प्रेमच आहे. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्यापायी महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. म्हणून ते प्रेम मला पटले नाही.

पण काही घरांत याची एक रीत आहे. बाहेर गेलेला मुलगा भेटीला आला, की आई दोन टेबले बोटभर अंतर ठेवून शेजारी लावते. एकावर घरची माणसे, दुसऱ्यावर तो. आणि दोन्हींवरून ती एकच मोठा कपडा अंथरते.