हजेरी

शाळामास्तराला एक खोड जडते. चार माणसे एकत्र दिसली, की तो मनातल्या मनात त्यांची हजेरी घेऊ लागतो. निवडणुकीच्या कामावर ही खोड मला मोठी उपयोगी पडते. समोर यादी असते, एकेक नाव पुकारले जाते, आणि परक्या गावचा तो माणूस डाव्या हाताची तर्जनी पुढे करून जणू ‘हजर’ म्हणतो.

‘तुमच्या कुहीचा कल कुणीकडे?’ असे नागपूरचे पाहुणे मला हटकून विचारतात. मी हसतो. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत आमचा भाग मध्य प्रदेशात होता, 1957 साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1962 साली महाराष्ट्रात. बसल्या जागी तीन राज्ये पाहिलेल्या माणसाने आपला कल चटकन सांगावा तरी कसा?

एके काळी तो सांगणे सोपे होते. 1977 साली उत्तरेत काँग्रेसचा धुव्वा उडाला, तरी विदर्भ बव्हंशी तिच्याच पाठीशी राहिला; रामटेकने तर 1984 आणि 1989 साली नरसिंह रावांना लोकसभेत धाडले. आता ते दिवस गेले. आमच्या उमरेड मतदारसंघाने 2009 आणि 2014 साली भारतीय जनता पक्षाचा आमदार निवडला, 2019 आणि 2024 साली काँग्रेसचा. त्याच 2019 च्या उन्हाळ्यात रामटेकचा खासदार मात्र शिवसेनेचा निवडून आला होता. कुणी याला चंचलपणा म्हणतील. मला ती शेतकऱ्याची रीत वाटते. बैल नीट चालेना, तर तो शिव्या देत बसत नाही. पुढच्या बाजारात बदलतो.

19 एप्रिल 2024 ला लोकसभेचे मतदान झाले. नागपूर शहरात शंभरातले चौपन्न जण आले, रामटेकमध्ये एकसष्ट. शहरात केंद्र घराच्या कोपऱ्यावर असते आणि दिवस सुट्टीचा असतो. तरीही खेडे पुढे गेले, याचा मला मास्तर म्हणून आनंद होतो. पण उरलेल्या एकोणचाळीस गैरहजरांची आठवण पाठ सोडत नाही. त्यांना आळशी ठरवणे फार सोपे आहे. कुणी पोटासाठी दूर गेलेला असतो, कुणी सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडत बसलेली असते.

अशीच एक बाई एकदा केंद्र बंद होता होता रांगेत आली. शाई लावणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने तिचे बोट धरले आणि तो सटासट दोनदा शिंकला! सगळे हसले, तीही हसली.

‘‘एवढा उशीर का केला, मावशी?’’ मी विचारले.

‘‘किलो पुरे करूनच आली जी. मजुरीबी पायजे अन् मतबी पायजे.’’

मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी असा कायदा आहे, रोजंदारीवाल्यांनासुद्धा. पण किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईला सुट्टीचा पगार कुणी मोजून द्यायचा? म्हणून ‘मतदान हे पवित्र कर्तव्य आहे’ ही फळ्यावर लिहिण्याची ओळ तिच्यासमोर उच्चारायला माझी जीभ रेटली नाही. त्या दिवशी कर्तव्य तीच मला शिकवत होती.

आणि दुसरे एक म्हातारबुवा. वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाचा पाया 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते घातला गेला, आणि पुढे आमच्या तालुक्यातली कितीतरी गावे पाण्याखाली गेली. त्यांचेही गाव त्यांतलेच. पुनर्वसनातल्या तक्रारींपायी मतदानावर बहिष्कार घालावा, असे त्यांच्या वस्तीतले तरुण म्हणत होते. तरुणांचा राग खोटा नव्हता. मीही मनात त्यांच्याच बाजूला झुकलो होतो. म्हातारबुवांनी सगळे ऐकून घेतले आणि काठी उचलली.

‘‘मत कोनाले द्याचं ते मी पायतो. पन हजेरी त लावली पायजे. नाही त गावासारखा मीबी बुडालो समजतीन!’’

म्हैसूरच्या कारखान्यातली ती शाई 1962 पासून देशभर लागते आहे. नख वाढते तशी ती काही आठवड्यांत निघून जाते. दिवाळीच्या पणतीसारखेच तिचे आयुष्य थोडे. पण पणती लागली, की अंधारातून जाणाऱ्याला कळते, या घरात कुणीतरी राहते आहे. राज्य करणाऱ्यांनाही तेवढे कळले तरी पुष्कळ झाले.