काळ्या टेकड्यांचं गाव : लाँस

मुलांनो, शाळेचा अ‍ॅटलास काढा आणि युरोपच्या नकाशावर पॅरिस शोधा. सापडलं? आता तिथून बोट वर, उत्तरेकडे न्या. बेल्जियमची हद्द येण्याच्या थोडं आधी थांबा. इथे लाँस नावाचं एक गाव आहे. रोमन अक्षरांत त्याचं नाव चष्म्याच्या 'लेन्स'सारखंच लिहितात, पण फ्रेंच लोक उच्चार करतात 'लाँस'.

गाव तसं छोटंच. लोकवस्ती बत्तीस हजारांच्या आसपास. पण गावातलं फुटबॉलचं स्टेडियम आहे सुमारे अडतीस हजार प्रेक्षकांचं! म्हणजे तान्ह्या बाळांपासून आजी-आजोबांपर्यंत अख्खं गाव सामना बघायला गेलं, तरी खुर्च्या रिकाम्या राहतील. एवढ्याशा गावाला एवढं मोठं स्टेडियम कशाला? याचं उत्तर जमिनीच्या खाली आहे. चला, तिथेच जाऊ.

सपाट मुलखातले डोंगर

लाँसच्या आजूबाजूचा प्रदेश बराचसा सपाट आहे. गहू, बटाटा आणि साखरेसाठी लावलेलं बीट यांची शेतं लांबवर पसरलेली. दक्षिणेकडे चुनखडीच्या बुटक्या टेकड्या. आणि मध्येच दोन उंच, टोकदार, काळ्या टेकड्या! लाँसला लागून असलेल्या लोस-आँ-गोएल या गावातल्या या जुळ्या टेकड्या भोवतालच्या जमिनीपासून १४० मीटरहून उंच आहेत.

गंमत अशी, की त्या निसर्गाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या आहेत! खाणीतून कोळसा वर काढताना त्याच्याबरोबर दगडमातीही येते. कोळसा निवडून घेतला, की उरलेला दगड खाणीजवळ टाकायचा. रोज टाकायचा, वर्षानुवर्षं टाकायचा. त्याचेच हे डोंगर झाले. फ्रेंचमध्ये अशा टेकडीला 'तेरी' म्हणतात.

जमिनीखालचं जंगल

सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी इथे दलदल आणि घनदाट जंगल होतं. झाडं पडली, गाळाखाली गाडली गेली. वरचा भार आणि आतली उष्णता यांनी त्यांचा कोळसा झाला. हे कुणालाच माहीत नव्हतं. १८४०च्या दशकात लाँसजवळच्या एका गावात पाण्यासाठी खोल छिद्र पाडत होते, तेव्हा कोळसा लागला! १८५२ साली लाँसची खाण कंपनी सुरू झाली. त्या वेळी गावात तीन हजारांच्या आसपास माणसं होती. साठ वर्षांत ती तीस हजारांवर गेली.

कंपनीने कामगारांसाठी विटांच्या चाळी बांधल्या. एकसारखी घरं, मागे भाजीपाल्यापुरता वाफा. शाळा, दवाखाने, चर्चसुद्धा कंपनीचंच. घरात पहाट व्हायची ती बाबांची खाणीत जायची तयारी सुरू झाली म्हणजे. लोखंडी पिंजऱ्यात उभं राहून कामगार शेकडो मीटर खाली उतरत. खाली घोडेसुद्धा असत. कोळशाच्या गाड्या ते ओढत आणि वर्षानुवर्षं त्यांना सूर्य दिसत नसे.

आणि मुलंही असत, बरं का. तेरा-चौदा वर्षांची, म्हणजे सातवी-आठवीत असाल तर अगदी तुमच्याच वयाची. त्या काळच्या कायद्याने तेराव्या वर्षी खाणीत उतरता येत होतं.

१० मार्च १९०६

या दिवशी सकाळी लाँसच्या शेजारच्या 'कूरिएर' कंपनीच्या खाणींत प्रचंड स्फोट झाला. हवेत तरंगणारी कोळशाची भुकटी पेटली आणि आग बोगद्याबोगद्यांतून धावत गेली. १,०९९ जण मरण पावले. त्यांत कितीतरी मुलं होती. युरोपच्या इतिहासात खाणीचा एवढा मोठा अपघात दुसरा झालेला नाही.

मदतीला कोण आलं असेल? जर्मनीतले खाणकामगार! श्वास घेण्याची खास उपकरणं घेऊन ते आले. पुढे, आता कुणी जिवंत नसेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण ३० मार्चला, म्हणजे वीस दिवसांनी, तेरा माणसं अंधारातून चाचपडत स्वतःच वाट काढत आली. घोड्यांसाठी ठेवलेले ओट आणि मेलेल्या घोड्याचं मांस खाऊन ती जगली होती. त्यानंतर ४ एप्रिलला आणखी एकजण जिवंत सापडला. संतापलेल्या कामगारांनी मोठा संप केला. 'आमच्या जिवापेक्षा कोळसा महाग आहे का?' हा त्यांचा प्रश्न होता.

युद्ध आणि खडकीचे जवान

मदतीला आलेल्या जर्मन खाणकामगारांची आठवण ताजी होती, आणि आठच वर्षांनी, १९१४ साली, पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मन सैन्याने लाँस घेतलं आणि १९१८च्या ऑक्टोबरपर्यंत सोडलं नाही. खाणी पाण्याने भरून टाकल्या, यंत्रं उडवून दिली. युद्ध संपलं तेव्हा गाव उरलंच नव्हतं. उरले होते विटांचे ढीग.

या लढाईशी आपला महाराष्ट्रही जोडलेला आहे. लाँसपासून वीसेक किलोमीटरवर नव्ह-शापेल नावाचं खेडं आहे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी तिथे झालेल्या हल्ल्यात ४७व्या शीख पलटणीबरोबर पुण्याजवळच्या खडकीचे 'सॅपर्स अँड मायनर्स'चे जवानही होते. पूल बांधणं, खंदक खणणं हे त्यांचं खरं काम. त्या दिवशी त्यांना बंदुका घेऊन पुढे जावं लागलं आणि त्यांच्यातले कितीतरी परतले नाहीत. तिथे १९२७ साली भारतीय सैनिकांचं स्मारक उभारलं. त्यावर ४,७००हून जास्त नावं कोरलेली आहेत.

पुन्हा उभं राहिलेलं गाव

गाव नव्याने बांधायचं, खाणी उपसायच्या, तर हात हवेत. तरुण पिढी तर युद्धात गेलेली. मग पोलंडमधून हजारो कुटुंबं आली. पुढे इटली, अल्जीरिया, मोरोक्कोतूनही माणसं आली. खाणीत उतरलं, की सगळ्यांचे चेहरे सारखेच काळे! शेजारच्या एका गावात जन्मलेला रेमाँ कोपा अशाच पोलिश घरातला. चौदाव्या वर्षी तो खाणीत कामाला लागला आणि पुढे १९५८ साली युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला.

१९२७ साली लाँसचं नवं रेल्वे स्टेशन झालं. त्याचा आकार वाफेच्या इंजिनासारखा आहे. घड्याळाचा मनोरा म्हणजे इंजिनाचं धुराडं! आत भिंतीवर खाणकामगारांच्या जीवनाची रंगीत चित्रं जडवली आहेत. आणि ते स्टेडियम? ते १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, मंदीमुळे काम नसलेल्या खाणकामगारांनी बांधलं. आजूबाजूच्या सगळ्या खाणवस्त्यांतून लोक सामन्याला येत, म्हणून तर ते एवढं मोठं! १९९८ साली लाँसचा संघ फ्रान्सचा विजेता ठरला.

कोळसा संपल्यावर

हळूहळू परदेशी कोळसा आणि तेल स्वस्त पडू लागलं. एकेक खाण बंद होत गेली. २१ डिसेंबर १९९० रोजी या पट्ट्यातला शेवटचा कोळसा वर आला आणि सगळं थांबलं. आजोबा खाणीत, बाबा खाणीत, मग आता मी काय करू? घराघरातल्या तरुणांपुढे हा प्रश्न होता. कित्येकजण गाव सोडून गेले. मोटारींच्या इंजिनांचा एक कारखाना जवळच होता. त्याच आवारात २०२३ साली विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचा मोठा कारखाना सुरू झाला. तरीही बेकारीचं प्रमाण इथे अजून देशाच्या सरासरीपेक्षा जास्तच आहे.

पॅरिसचं लूव्र संग्रहालय तुम्हाला ठाऊक असेल. त्याची एक शाखा २०१२ साली लाँसमध्ये उघडली, तीही बंद पडलेल्या ९ नंबरच्या खाणीच्या जागेवर! उद्घाटनाचा दिवस होता ४ डिसेंबर, खाणकामगारांच्या संत बार्बराचा दिवस. काचेची आणि अ‍ॅल्युमिनियमची ती बुटकी इमारत जपानी वास्तुरचनाकारांनी बांधली. आतल्या १२० मीटर लांबीच्या दालनात मध्ये एकही भिंत नाही. चालत गेलं, की हजारो वर्षांच्या कलाकृती काळाच्या क्रमाने समोर येतात.

आणि त्या काळ्या टेकड्या? भुईसपाट करून टाकाव्यात, असं पुष्कळांना वाटत होतं. पण लोकांनी त्या जपल्या. आता त्यांच्यावर झाडंझुडपं उगवली आहेत. लोक पायी वर चढतात आणि मुलुख न्याहाळतात. २०१२ सालीच युनेस्कोने खाणी, चाळी आणि या टेकड्या असा सगळा खाणपट्टा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. राजवाड्यांना मिळतो तोच मान कामगारांच्या चाळींना मिळाला!

मुलांनो, या टेकडीतला एकेक दगड कुणाच्या तरी हातांनी वर आणला आहे. त्यांतले काही हात तेरा वर्षांच्या मुलांचे होते. तुमच्याही गावात एखादी बंद पडलेली गिरणी असेल, जुना घाट किंवा पडका कारखाना असेल. तिथे कोण राबत होतं, हे घरातल्या मोठ्या माणसांना जरूर विचारा आणि वहीत लिहून ठेवा.