मीटर चालू आहे

पुण्यात जन्मलेल्या माणसाला सायकल शिकवावी लागत नाही, अशी माझी समजूत होती. ती परवा एका सायकलीनेच दूर केली.

तशा या बिनस्टँडच्या भाडोत्री सायकली पुण्याला नव्या नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये त्या औंधात अवतरल्या. अर्ध्या तासाला एक रुपया! एवढ्या स्वस्तात पुण्यात तोवर फक्त सल्ला मिळत असे. पुढे चोऱ्यामाऱ्या, मोडतोड सोसून सोसून त्या अंतर्धान पावल्या आणि मग बॅटरीवाल्या आल्या. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. म्हणून लायसन नको, नंबरप्लेट नको. फोनवरच्या नकाशात सायकल हुडकायची, तिच्या अंगावरची चौकोनी रांगोळी फोनला दाखवायची, की कुलूप आपोआप उघडतं. मीटरही आपोआपच चालू होतं.

आमच्या लहानपणी हे सगळं कोपऱ्यावरचे सायकलवाले काका करीत. पंचवीस पैसे तास. वहीत नाव लिहिताना ते चष्म्यावरून बघत, "अमक्यांचा नातू ना रे तू?" हा आमचा ओटीपी. आजोबांना कळेल ही भीती, हे डिपॉझिट. मी आणि माझा एक मित्र निम्म्या-निम्म्या भागीदारीत सायकल घेत असू. म्हणजे पायडल मी मारायचं आणि त्याने कॅरिअरवर बसून "डावीकडे घे, डावीकडे घे" म्हणायचं. त्यावरून त्याचं नाव डबलसीट पडलं. त्याच्या वाट्याचे साडेबारा पैसे अजून येणे आहेत.

गेल्या मार्चमध्ये डबलसीटला अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून तो खिडकीपाशी खुर्चीत असतो. मी जातो, बसतो, हवापाण्याचं बोलतो. तो बाहेर बघत राहतो. म्हटलं, आज सायकलवरून जावं. बघू तरी काय म्हणतो!

बसलो, तर पायडलच नाही! नुसती मूठ पिळायची. साठ वर्षांची सवय लागलेले माझे पाय अर्धा रस्ता हवेतच ताक घुसळत होते. शाळेतून येणारी पोरं थांबून बघत होती.

डबलसीटच्या दारात पोचलो आणि फोनवर 'राईड संपवा' दाबलं. फोन म्हणाला, तुम्ही हद्दीबाहेर आहात. तेव्हा कळलं, की बिनस्टँडच्या सायकलीलाही स्टँड असतो; तो फक्त दिसत नाही. आमचा तो अदृश्य स्टँड मागच्या चौकात राहिला होता.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. शब्द जरा अडखळत, पण चक्क आवाज!

"कॅरिअर कुठाय?"

"नाही रे. एकट्यानेच बसायचं, असा नियम आहे."

"मग कसली डोंबलाची सायकल!"

इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा हसला. तोंड थोडं वाकडं झालं, पण ते लहानपणीही होतच असे.

"थांब, चौकात ठेवून येतो," मी म्हणालो, "मीटर चालू आहे."

त्याने चांगला हात गजांतून बाहेर काढला आणि सायकलची मूठ धरून ठेवली.

"असू दे चालू. माझे साडेबारा पैसे आहेत ना तुझ्याकडे देणं? त्यात धर."

अस्सल पुणेरी माणूस आपण होऊन जुनी उधारी कबूल करतोय म्हटल्यावर मी काय करणार? बसलो. तासावर दहा मिनिटं झाली. बिल किती आलं, ते अजून हिला सांगितलेलं नाही.

निघालो, मूठ पिळली, तोच मागून हुकूम आला, "डावीकडे घे!"

माझं घर उजवीकडे आहे. मी डावीकडे घेतली.