सांगोल्यास आलेला जर्मन पाहुणा

मिरजेहून निघालेली गाडी सांगोल्याच्या जवळ येऊं लागली, कीं दोन्ही बाजूंस पांढरीं वस्त्रें पांघरून उभ्या राहिलेल्या झाडांच्या ओळी दिसूं लागतात. नवख्या प्रवाशास तें दृश्य मोठें चमत्कारिक वाटतें. तीं डाळिंबाचीं झाडें. चैत्राच्या उन्हानें फळांची साल करपूं नये म्हणून कोणी पांढरें कापड, तर कोणी घरांतील जुनीं लुगडीं त्यांवर घातलेलीं असतात. पाऊस बेताचा, माणगंगेचें पात्र बहुधा कोरडें, जमीन मुरमाड. आणि अशाच जमिनींत हें फळ असें कांहीं रंगतें कीं, इ. स. २०२० च्या डिसेंबरांत देशांतील शंभरावी किसान रेल्वे याच स्थानकांतून थेट बंगालमधील शालिमारास रवाना झाली.

आम्ही निघालों होतों तें आमच्या आक्कांकडे. त्यांचा मुलगा जर्मनींत हाइलब्रॉन येथें नोकरीस आहे. तो चार वर्षांनीं घरीं आला होता. त्यानें पेटी उघडली तेव्हां आजीसाठीं शाल, आईसाठीं हातमोजे (सांगोल्याच्या उन्हाळ्यांत!) आणि तळाशीं दोन सदऱ्यांत गुंडाळलेली एक काळसर बाटली निघाली. त्या घरांत आजवर मद्याचा थेंब शिरला नव्हता. आक्कांचा चेहरा उतरला. भाचा घाईनें म्हणाला, "बाबा, ही प्यायला नव्हे, वाचायला आणली आहे." चिठ्ठीवर त्या द्राक्षाचें नांव होतें, 'डॉर्नफेल्डर'.

आक्कांच्या सासूबाई माई शांतपणें म्हणाल्या, "द्राक्षाचा आंबवलेला रस ना? मग द्राक्षासवच कीं! ठेवा औषधांच्या फडताळांत." माईंच्या या निकालांत शास्त्र होतें. मनुकांच्या काढ्यांत गूळ आणि धायटीचीं फुलें घालून वैद्य तें भांडें बंद करून ठेवतात. फुलांबरोबर सूक्ष्म किण्व येतें, तें साखर खाऊं लागतें आणि मद्यार्क उत्पन्न होतो. लाल वाइनमध्यें घडतें तें हेंच. फरक इतकाच कीं, तेथें सालीचें महत्त्व फार. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर बिनरंगी असतो, रंग सारा सालींत. म्हणून सालींसकटच रस आंबवितात, आणि वर तरंगून येणारा सालींचा थर वरचेवर खालीं दाबतात. आमच्या सोलापूर जिल्ह्यास ही विद्या परकी राहिलेली नाहीं. अकलूजजवळ मोटेवाडीस इटालियन भागीदारांच्या साहाय्यानें लावलेले द्राक्षमळे आहेत, आणि त्या वाइनचें 'फ्रातेल्ली' हें नांव म्हणजे इटालियनांत 'बंधू'.

परंतु त्या बाटलीची खरी कथा आम्हांस ठाऊक होती, कारण आदल्याच वर्षीं भाच्याकडे गेलों असतां त्यानें आम्हांस वाइन्सबर्ग दाखविलें होतें. हाइलब्रॉनपासून तें जेमतेम दोन कोस. टेकडीवर पडका किल्ला, खालीं उतरणीवर द्राक्षवेलींच्या रेखीव ओळी. इ. स. ११४० मध्यें राजा तिसरा कोन्राड यानें त्या किल्ल्यास वेढा दिला; शरण आलेल्या स्त्रियांस त्यानें पाठीवर वाहून नेतां येईल तेवढें नेण्याची मुभा दिली, तेव्हां त्या आपापले नवरेच पाठीवर घेऊन बाहेर पडल्या, अशी कथा आहे. आमच्या सौभाग्यवतींनीं त्यावर आमच्या देहाकडे पाहून जें कांहीं म्हटलें तें येथें देण्याचें कारण नाहीं.

त्याच गांवीं इ. स. १८६८ पासून द्राक्षविद्येची शाळा आहे. ती स्थापन व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत इमानुएल डॉर्नफेल्ड हे गृहस्थ होते. द्राक्षास नांव त्यांचें मिळालें. द्राक्ष घडविलें मात्र ऑगस्ट हेरोल्ड यांनीं. थंड हवेमुळें जर्मनीच्या लाल वाइन फिक्या होत. त्यांत मिसळून गडदपणा आणील असें एखादें द्राक्ष हवें होतें. हेरोल्ड यांनीं इ. स. १९५५ मध्यें हेल्फेनश्टाइनर आणि हेरोल्डरेबे या दोन जातींचा संकर केला. या दोन्ही जातीही त्यांनींच पूर्वीं संकरानें तयार केलेल्या. म्हणजे आजोबांनींच नातवाचीं स्थळें जुळवावीं तसा हा प्रकार. रोप वाढवायचें, घड धरूं द्यायचे, रस आंबवून चाखायचा, कित्येक हिंवाळे त्याची परीक्षा पाहायची, आणि बहुतेक रोपें उपटून टाकायचीं. या एका रोपाला लागवडीची परवानगी मिळाली इ. स. १९७९ मध्यें. हेरोल्ड इ. स. १९७३ मध्येंच वारले होते. पुढें तें द्राक्ष इतकें पसरलें कीं, जर्मनीच्या काळ्या द्राक्षांत स्पेटबुर्गुंडरच्या खालोखाल आज त्याचा मान लागतो. आणि रंगापुरतें आणलेलें हें द्राक्ष स्वतःच्या नांवानें बाटलींत बसलें. चव? दोन घोट आम्हीं तेथें घेतले होते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पिकलेलें जांभूळ आणि करवंद एकत्र चुरडावें, तुरटपणा निम्म्यानें कमी करावा, अशी ती होती. आक्कांसमोर आम्हीं ही उपमा सांगितली नाहीं.

ही हकीकत भाच्यानें रात्रीं अंगणांत वडिलांस सांगितली. भाऊसाहेब ऐकत होते, पण त्यांचें लक्ष अंधारांतल्या बागेकडे होतें. आठ एकरांपैकीं पांच एकर डाळिंब त्यांनीं फाल्गुनांत उपटून टाकलें होतें. तेल्या रोगानें प्रथम फळावर तेलकट डाग पडतो, मग तो काळवंडतो, फळ तडकतें. दमट हवेंत आठवड्यांत सारी बाग जाते. त्यांची जात भगवा. तिचाही वंश हेरोल्ड यांच्या वेलीसारखाच लांबचा. गणेशखिंडींत डॉ. चीमा यांनीं इ. स. १९३६ मध्यें आळंदी जातींतून 'गणेश' निवडला, त्याचा 'गुल-ए-शाह' या रशियन डाळिंबाशीं संकर राहुरीच्या विद्यापीठांत झाला आणि त्या संततींतून भगवा निघाला. रंग अप्रतिम; परंतु तेल्यापुढें ती जात हतबल. सोलापुरास इ. स. २००५ पासून डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तेथें नव्या जातींवर काम चालू आहे.

"चोवीस वर्षें," भाऊसाहेब म्हणाले. "मला एकसष्ट लागलें."

"बाबा, डाळिंब तिसऱ्या वर्षीं फळ देतें. पुन्हा लावूं या."

"लावूं या म्हणजे कोणीं? तूं येणार म्हणून लावायचीं, कीं मी आहें म्हणून?"

भाच्यानें उत्तर दिलें नाहीं. त्याचें कंत्राट आणखी तीन वर्षांचें आहे हें घरांत सर्वांस माहीत होतें. आक्का उठून आंत गेल्या. कोणी कांहीं बोलेना, तेव्हां माईंनींच सर्वांस झोपावयास पाठविलें.

पहांटे आम्ही उठलों तों बागेंतून कुदळीचा आवाज येत होता. भाचा उपटलेल्या झाडांचीं उरलीं मुळें खणून काढून बांधावर रचीत होता, जाळण्यासाठीं. हातांत आईसाठीं आणलेले ते लोकरी हातमोजे. थोड्या वेळानें भाऊसाहेब चुन्याची पाटी घेऊन आले. मुलाशीं ते बोलले नाहींत. दोरी धरावयास त्यांनीं आम्हांस बोलाविलें, आणि चौदा-चौदा फुटांवर ओळींच्या खुणा टाकूं लागले. वैशाखाचें ऊन खड्ड्यांस मिळावयास हवें, म्हणून घाई होती.